दुधाळीच्या पठाराला ओसाड म्हणाले

भाद्रपदातल्या एका सकाळी वहिनीचा फोन आला. माझी वहिनी फोनवर एरवीही ओरडूनच बोलते, पण त्या दिवशी तिचा आवाज फाटला होता.

"वन्सं, लगोलग या. पठारावर जेसीबी चढलाय. तुमची दुधाळी खणत्यात!"

मी कामशेतला राहते. शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त झाले आहे. माहेर पवनानगरच्या पुढे, धरणाच्या वरच्या अंगाला. स्टेशनाबाहेर शेअर जीप उभी होती, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. ड्रायव्हर "पवनानगर, पवनानगर" करत उभा आणि मी मागच्या बाकावर मुठी वळून बसलेली. शेजारच्या मावशींनी माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "कुनाचं कमीजास्त झालं का?" मी म्हणाले, "हो." त्यांनी हात जोडले. मी खुलासा केला नाही.

दुधाळी माझी नव्हती, कुणाचीच नव्हती. गावामागच्या पठारावर पावसाच्या शेवटी गवतातून उगवणारं ते गुडघाभर उंचीचं रोपटं. पानं शेपूसारखी, दोऱ्याएवढी. फुलं फिकट गुलाबी, घशाशी गडद. नुसतं एक रोप बघितलं तर कुणी वळूनही पाहणार नाही, पण आमच्या पठारावर ती थव्याथव्यानं यायची, आणि उन्हं कलली की गवताच्या वर गुलाबी धूर बसल्यासारखा दिसायचा. नाव दुधाळी असलं तरी मोडल्यावर दूध निघत नाही. असं नाव का पडलं ते गावात कुणाला ठाऊक नाही.

आईला मात्र तिचा उपयोग ठाऊक होता. आमची भाताची खाचरं. आषाढात लावणी, पुढे बेणणी, म्हणजे दिवसभर वाकून तण उपटायचं. बायकांचे पाय दोन-अडीच महिने चिखलातच. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडायची, मग फाटायची, मग त्यातून पाणी यायचं. त्याला आम्ही चिखल्या म्हणतो. आई संध्याकाळी चुलीपुढे पाय पसरून बसायची आणि दात आवळून म्हणायची, "जा गं, वर जाऊन दुधाळी आन." मी पळत जायची. ओंजळभर पाला पाट्यावर वाटला की त्याचा रस ती बेचक्यांत भरायची. रस आधी पिवळा दिसायचा आणि बघता बघता काळा पडायचा. गौरी-गणपतीला आमच्या आळीतल्या सगळ्या बायका नवं लुगडं नेसलेल्या आणि पाय डांबरात बुडवल्यासारखे काळे. पुण्याहून आलेल्या एका पाहुणीनं आईला विचारलं होतं, "पाय भाजले का हो?" आई म्हणाली, "भाजलं न्हाई, बरं झालं."

कॉलेजात गेल्यावर मला कळलं की ही अर्धी परोपजीवी. पानं हिरवी, म्हणजे अन्न बनवता येतं, पण मुळं शेजारच्या गवताच्या मुळांना चिकटतात आणि त्यांतून पाणी, क्षार ओढून घेतात. ते डोळ्यांनी बघायचं म्हणून सुट्टीत मी खुरप्यानं एक ढेकूळ उचललं, ओढ्यात धरून माती सोडवली. केसासारखी मुळं आणि त्यांवर मोहरीपेक्षा बारीक गाठी, प्रत्येक गाठ गवताच्या मुळाला घट्ट धरून बसलेली. मी ते आईला दाखवलं.

"म्हंजी गवताच्या जिवावर जगती?"

"निम्मी. निम्मं स्वतः रांधते."

आईनं जरा विचार केला. "मग शेजारनीकडनं वाटीभर पीठ आनल्यावानी. त्यात काय एवडं?"

त्यात काय एवढं, हे मला पुढे शाळेत शिकवतानाही आठवायचं. गवत त्यानं मरत नाही. जरा मवाळ राहतं इतकंच, आणि त्या मोकळ्या जागेत बाकीची बारकी फुलं डोकं वर काढतात. पठारावर हातभर खणलं की कातळ लागतो. एवढ्याशा मातीत गवत, दुधाळी आणि आणखी किती तरी जीव एकमेकांना धरून राहतात. ते गवत दसऱ्यानंतर, पिवळं पडल्यावरच कापायचं, तोवर गुरं वर न्यायची नाहीत, हा गावाचा रिवाज होता. दुधाळीसाठी नव्हता, गवतासाठी होता. पण तोपर्यंत तिची बोंडं फुटून धुळीएवढं बी सांडलेलं असायचं.

मग गुरं कमी झाली. पोरं लोणावळ्याच्या हॉटेलांत, तळेगावच्या कंपन्यांत लागली. त्यांना मी दोष देत नाही, चिखल्यांचे पाय कुणाला हवेत? पण मोकळं पडलेलं पठार काही मोकळं राहिलं नाही. धरणाकडच्या टोकाला तंबूवाले आले. जमीन रोलरनं दाबली, वरून विकतचं लॉन पसरलं, त्यात दुसरं काही उगवू नये म्हणून औषध मारलं. त्या बाजूची दुधाळी एका पावसाळ्यात गेली. मग सूर्यास्त बघायला जीपगाड्या चढू लागल्या, चाकोऱ्या रुंदावत गेल्या, मधला पट्टा गेला. उरला तो म्हसोबाच्या दगडाभोवतीचा तुकडा. तिथं चाकं जात नव्हती, कारण मधे धोंडे होते.

जेसीबी त्याच तुकड्यात उभा होता.

धापा टाकत वर पोचले तर आधी दिसला बॅनर. 'चला, ओसाड माळ हिरवागार करू या.' तो बॅनर ज्या काठ्यांना बांधला होता त्या गुडघ्याएवढ्या हिरव्यागार गवतात रोवलेल्या होत्या. भाद्रपदात आमच्या पठाराला ओसाड म्हणायला माणूस आंधळा तरी हवा, नाही तर पगारी. जेसीबीनं ओळीनं खड्डे पाडले होते. प्रत्येक खड्ड्याशेजारी मुरमाचा ढीग, ढिगाखाली गवत, आणि ढिगाच्या कडेनं बाहेर आलेले दुधाळीचे गुलाबी शेंडे. कुठल्याशा कंपनीची माणसं एकसारख्या टोप्या घालून फोटो काढत होती. माझा थोरला चुलतभाऊ, ज्याला मी दादा म्हणते आणि जो पंचायतीत मेंबर आहे, तो त्यांना पोहे वाढत होता.

"दादा, हे काय चाललंय?"

"आगं, झाडं लावत्यात. तुजंच काम करत्यात. शाळंत तूच पोरांकडनं झाडं लावून घ्यायचीस ना?"

"रस्त्याच्या कडेला लावून घ्यायचे. पठारावर नाही."

"झाड ते झाड," दादा म्हणाला आणि पोह्यांवर खोबरं भुरभुरवू लागला.

कार्यक्रम राबवणाऱ्या संस्थेचा एक तरुण पुढे आला. बोलायला गोड होता. "मॅडम, तुमचा काही गैरसमज झालाय. इथे तर काहीच नव्हतं."

काहीच नव्हतं! मी ढिगाऱ्यातून एक दुधाळी ओढून त्याच्या हातात ठेवली. हे होतं, म्हटलं. आणि तुमच्या बुटाखाली आहे तेही होतं. त्यानं बूट उचलून पाहिलं, मग मोबाइलवर फुलाचा फोटो काढला. मोबाइलनं त्याला काहीतरी सांगितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"मॅडम, हे तर पॅरासाइट आहे! परोपजीवी. मग गेलेलं बरंच की."

टोपीवाले हसले. दादा हसला. मला वाटलं, आत्ता याच्या कानाखाली आवाज काढावा. तीस वर्षं मुलांना 'परोपजीवी म्हणजे शिवी नव्हे' हे शिकवत आले, आणि इथं एक शिकलेला माणूस शब्दकोशातला शब्द धोंड्यासारखा मारत होता. उत्तरं सुचत होती, चांगली झोंबणारी. पण मला रागानं रडू येतं, आणि तेव्हा बाईमाणसाला लोक रागावलेली समजत नाहीत, रडकी समजतात. म्हणून मी वाकून ढिगावरचा मुरूम हातानं बाजूला करू लागले.

माझा चेहरा बघून त्या तरुणाला दया आली असावी. म्हणाला, "तुमची एवढी भावना असेल तर आपण ही रोपं वाचवू. कुंड्यांमध्ये लावू. खाली तंबूवाल्यांच्या गेटपाशी स्थानिक वनस्पतींचा एक छान कोपरा करू."

"कुंडीत जगणार नाही. गवताच्या मुळापासून तोडलीत की संपली."

"चांगलं खत घालू ना."

"खतानं होत नाही हो. तिला गवत लागतं. हे गवत, ही माती, हा कातळ."

तो मान डोलवत होता. ऐकत नव्हता. त्याच दुपारी मजुरांनी सापडतील तेवढी दुधाळी उपटली, लाल कुंड्यांत शेणखत घालून लावली आणि गेटपाशी पाटी लागली. आठवडा झाला नाही तोवर सगळी रोपं काळीठिक्कर. वहिनीनं फोटो पाठवला. पाटी मात्र टवटवीत होती. तिच्यावर दुधाळी हे नावसुद्धा चुकीचं लिहिलं होतं.

मी ग्रामसभेला गेले. वहिनी बरोबर होती. माझा भाऊ वारल्यापासून शेत आणि दोन म्हशी ती एकटी सांभाळते. मंदिरासमोरच्या मांडवात मी उभी राहून सांगितलं की गवताळ पठार म्हणजे रिकामी जागा नव्हे, पाऊस इथं मुरतो, गावाचे झरे यावर आहेत. कुणी तरी मधेच म्हणालं, "बाई, शाळा सुटली." हशा पिकला. मी दुधाळीचं नाव काढलं तेव्हा दादा उठला.

"ती काय खायला हाय का इकायला हाय? चिखल्यांना लावायची म्हनं. आता मेडिकलात मलम मिळतंय. आन भात लावतंय कोन? समदी प्लॉटिंगं झाली."

पुन्हा हसले. मग वहिनी उठली. डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला आणि बसल्या जागेवरून नाही, पुढे येऊन बोलली.

"माज्या म्हशीचं गवत गेलं, ते कुनी इचारलं का? वरसाचा चारा तितनं आनते मी. तुमी झाडं लावली, तर खाली गवत येतंय का? सावलीत माज्या म्हशी काय फोटू खात्याल?"

या वेळी कुणी हसलं नाही. पण ठरायचं ते आधीच ठरलेलं होतं. कंपनीचे मोठे साहेब येणार होते, हार सांगून झाले होते. पाऊस संपत आला असताना झाडं का लावायची, तर साहेबांना त्याआधी सवड नव्हती.

साहेब आले, रोपं लागली. गुलमोहर, काशिद, बाहेरची आणखी कसली कसली, प्रत्येकाशेजारी देणाऱ्याच्या नावाची पट्टी. मी गेले नाही. घरी भांडी आपटत राहिले. नवरा म्हणाला, "एका रोपट्यासाठी एवढं?" मी त्याला म्हणाले, तू चूप बस. तो चूप बसला आणि मला त्याचाही राग आला.

दिवाळीत माहेरी गेले तेव्हा भाऊबीज करायला भाऊ नव्हता. दादाकडे जायची इच्छा नव्हती. जेवणं झाल्यावर वहिनी म्हणाली, "चला, वर जाऊन यू." तिनं खोरं घेतलं. म्हसोबापाशी पोचलो. नारळ फोडला. मग तिनं पहिलं रोप धरलं, मुळासकट उपटलं, आणि खोऱ्यानं मुरूम खड्ड्यात ओढला.

"वहिनी, हे चालेल का?"

"न चालाय काय झालं? गायरान गावाचं हाय. मी बी गावाचीच."

मी पदर खोचला. भर दुपारी, उन्हात, दोन म्हाताऱ्या होऊ घातलेल्या बायका रोपं उपटत होत्या. तंबूवाल्यांकडची पाहुणे मंडळी लांबून बघत होती. मुरूम जड होता, कमरेत चमक भरली, पण इतकं बरं मला किती तरी दिवसांत वाटलं नव्हतं. म्हसोबाच्या भोवतालचे सगळे खड्डे आम्ही बुजवले. उपटलेली रोपं वहिनीनं नीट रचून ठेवली. "लावायची असतील तर आपापल्या दारात लावा म्हनावं."

संध्याकाळी दादा आला तो अंगणातूनच ओरडत. "इज्जत घालवली माजी! झाडं तोडनारी बाई म्हनून पेपरात नाव येईल तुजं!"

"येऊ दे."

"मास्तरीन असून!"

"मास्तरीण आहे म्हणूनच."

त्यानं तक्रार केली. दुसऱ्या दिवशी आम्हाला चौकीत बोलावलं. तिथला हवालदार वयानं माझ्या विद्यार्थ्यांएवढा. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला, आणि सगळं ऐकून घेतल्यावर डोकं खाजवत म्हणाला, "मावशी, झाड तोडलं तर कलम आहे. गवत खणलं तर कलम नाही बघा माझ्याकडं. मी तरी काय करू?" चूक झाली एवढं म्हणा आणि जा, असं त्यानं सुचवलं. मी म्हणणार नाही म्हणाले. वहिनी म्हणाली, "म्हशी पिळायच्या हायत, जाऊ का?" त्यानं जा म्हटलं. दादानं मात्र त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. लहानपणी पठारावर मला पाठुंगळी घेऊन फिरणारा माणूस. बाजारात समोर आला तर रस्ता ओलांडतो.

उन्हाळ्यात उरलेली रोपंही मेली. चैत्रापर्यंत टँकर आला, मग बंद झाला. कातळावर गुलमोहर कसा जगणार? देणाऱ्यांच्या नावांच्या पट्ट्या वाळक्या काटक्यांशेजारी चमकत राहिल्या. मला त्याचा आनंद झाला नाही. खड्डे पडायचे ते पडले होते. पुढच्या पावसात त्या उकरलेल्या मुरमावर गाजरगवत आणि नारिंगी कॉसमॉस माजला, आणि लोणावळ्याकडून येणारे लोक त्यात उभे राहून "व्हॅली ऑफ फ्लॉवर्स" म्हणत फोटो काढू लागले. दुधाळी त्या भागात आली नाही. बी होतं ते मुरमाखाली गाडलं गेलं असेल. गवताचं मूळच जवळ नसेल तर उगवून तरी ती कुणाला धरणार?

आम्ही बुजवलेल्या खड्ड्यांतही आली नाही, हे सांगायला हवं. मला वाटलं होतं येईल. श्रावणापासून दर आठवड्याला जीप धरून जात होते, वाकून वाकून बघत होते. गवत आलं, विरळ. दुधाळी नाही.

आली ती म्हसोबाच्या मागच्या उतारावर, जिथं जेसीबीचा हात पोचत नव्हता. पसाभर जागा. तेवढी तरी राहावी म्हणून मी अर्ज केले, माणसांना भेटले, माहिती सांगितली. काही झालं नाही. झालं ते वहिनीमुळे. गावात अजून ज्यांच्या घरी म्हशी आहेत अशा बायका तिनं गोळा केल्या आणि त्या सरळ पंचायतीत जाऊन बसल्या. म्हसोबामागचा उतार चाऱ्याला पाहिजे, तिथं कुणी खणायचं नाही, गाडी न्यायची नाही, कापणी दसऱ्यानंतरच. दुधाळीचा शब्दही त्यांनी काढला नाही. सरपंचांनी अर्ध्या तासात हो म्हटलं.

माझा राग त्यानं निवला नाही. उलट वाढला. म्हणजे म्हशी आहेत तोवर दुधाळी आहे. म्हशीही किती दिवस? वहिनीचे गुडघे दुखतात. तिचा मुलगा परंदवडीच्या बाजूला कारखान्यात जातो, तो काही गवत कापायला येणार नाही. आणि कुणी मला हसून सांगतं, "बघा बाई, तुमचं फूल वाचलं ना शेवटी", तेव्हा मी हसत नाही. वाचलं नाही, उरलं आहे. या दोन शब्दांत फरक आहे.

यंदा दसऱ्यानंतर कापणीला मीही गेले. वहिनीनं विळा दिला. दुधाळीची बोंडं सुकून तडकली होती, हात लागला की काळी धूळ सांडायची. आम्ही मूठ मूठ गवत कापत, पेंढ्या बांधत उतरत होतो. तेवढ्यात वरून एक पोरगेलासा पाहुणा खाली ओरडला, "आंटी, जरा बाजूला होता का? आम्हाला ड्रोन उडवायचा आहे. व्ह्यूमध्ये येताय."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी पुढची मूठ धरली.

"आमी हितंच हाय," वहिनी वर न बघता म्हणाली. "तुमी दुसरीकडं उडवा."